पालावरची तुमची जागा

आपा, तुमचा चाळिसावा दिवस अजून व्हायचाय, आणि आमच्या गावची यात्रा येऊन गेलीसुद्धा. तुम्ही असता तर म्हणाल्या असता, "मनू, आधी पाणी पी, मग बोल." प्यायले. सुचेल तसं लिहिते, तुम्ही नेहमीसारखं मधलं पाल्हाळ सोडून नेमकं तेवढं वाचा.

तुम्ही गेलात त्या दुपारी मी साताऱ्याच्या स्टँडवर होते. रुबीनाचा फोन आला. "अम्मी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही," एवढंच तुमची लेक बोलू शकली. मिरजेत पोचले तेव्हा बायकांनी मला आत तुमच्याजवळ बसवलं. समोर तुम्ही पांढऱ्या कापडात. माणसानं अशा वेळी रडावं, हात जोडावेत, काहीतरी चांगलं आठवावं. माझ्या डोक्यात मात्र एकच घोळत होतं, यात्रेतल्या त्या पोरीशी, कोमलशी, तुमचं काय ठरलं होतं? मी तुमच्या बंद डोळ्यांकडे बघत मनातल्या मनात भांडत होते, की आपा, असं अर्ध्यावर टाकून जायचं असतं का? शेजारच्या एका म्हातारीला वाटलं मी दुवा मागतेय. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मग मला खरंच रडू फुटलं.

गेल्या यात्रेत तुम्ही त्या पोरीच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं होतं. "पुढच्या यात्रेला मी बांगड्यांच्या पालावरच बसलेली असेन. घरी राहायचं असेल तर एक खूण कर," एवढं मला ऐकू आलं. खूण कोणती, ते नाही आलं. परतताना साताऱ्यात उतरल्यावर मी विचारलं, तर तुम्ही हसलात. "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. पुढच्या वेळी यात्रेला जाताना सांगेन." पुढची वेळ आली, आपा. तुम्ही सांगितलं नाहीत.

आपण दोघींनी मिळून किती गावं फिरून काढली! तुम्ही सांगलीच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या, मी तुमची जुनी विद्यार्थिनी, आणि पुण्याच्या एका संस्थेचं काम. माणसं नि मुलं कुठं राबवून घेतली जातात, त्यात अडकतात कशी आणि सुटत का नाहीत, हे शोधायचं. त्यांच्या कागदावर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, 'आधुनिक गुलामगिरी'. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणालात, "हे नाव घेऊन गावात गेलीस तर चहासुद्धा मिळायचा नाही." कृष्णाकाठच्या वीटभट्ट्या झाल्या, कराडकडची गुऱ्हाळं झाली. तिथली माणसं हळूहळू का होईना, बोलायची. मालक परका होता, त्याला शिव्या घालता येत होत्या. भट्टीवरच्या बाया तुमच्या मांडीवर डोकं ठेवून रडायच्या आणि मी बाजूला बसून रागानं फणफणायचे. "तू आधी भांडतेस, मग विचारतेस," हे तुमचं ठरलेलं वाक्य.

मग आपण माझ्या गावी आलो. माण तालुक्यातलं गाव, जमीन कोरडी, त्यामुळे गडी माणसं सगळी बाहेर. काही मुंबईला, बाकीची गलाईला. सोन्याचांदीची मोड वितळवून शुद्ध करायची हा आमच्याकडच्या माणसांचा धंदा, आणि त्यासाठी ती पार दक्षिणेपासून बंगालपर्यंत पांगलेली. आपण घरोघर विचारत फिरलो, "तुमच्या घरातलं कुणी मूल कामाला आहे का?" सगळीकडे एकच उत्तर, न्हाई. मला काय अभिमान वाटला होता! "बघा आपा, आमच्या गावात असलं काही नाही." तुम्ही नुसतं "हं" म्हणालात. त्या 'हं'चा मला दहिवडीपासून कोरेगावपर्यंत राग येत राहिला.

"यात्रेला येते," तुम्ही म्हणालात. "तेव्हा गलाईवाले सगळे घरी येतात ना?" येतातच. वर्षभर ओस पडलेल्या गल्लीत परराज्यातल्या नंबरांच्या गाड्या लागतात, बंद घरांची कुलपं निघतात. मला वाटलं तुम्ही पालखी बघणार, मटण हाणणार. तुम्ही आलात ते थेट तुमच्या भावाच्या, मुनीरमामूंच्या बांगड्यांच्या पालावर जाऊन बसलात. तुमचं माहेर बांगडीवाल्यांचं, हे मला तोवर नुसतं ऐकून माहीत होतं. तुमचे भाऊ अजून यात्रा-यात्रांना पाल टाकतात, आणि तुम्ही पदर खोचून त्यांच्या शेजारी बसल्या होता. मी पिशवीतून कागद काढायला लागले तर डोळे वटारलेत. "ते घरी ठेव. यात्रेत बांगड्या भरल्याशिवाय एक पोरगी गावाबाहेर जात नाही. सगळ्या इथंच येतील."

मग मी दिवसभर तुमचे हात बघत बसले. समोरचा हात घ्यायचा, बोटं एकत्र करायची, अंगठा आत दाबायचा आणि बोलत बोलत बांगडी वर सरकवायची. "हात सैल सोड गं. हात सैल सोड." शंभरदा तेच. बोलणं पोरीशी, डोळे तिच्या डोळ्यांत, आणि बोटं मात्र तिचा तळवा चाचपत असायची.

कोमल तिथंच भेटली. माझ्या चुलतभावाच्या, संपतदादाच्या घरी ती होती, दादाचं दक्षिणेत गलाईचं दुकान आहे. ती आमच्याच भावकीतली, बाप मुंबईला गेलेला परत आला नाही, आई शालन लोकांच्या रानात जाते. वहिनींचं बाळ खेळवायला म्हणून ती पोर त्यांच्याबरोबर गेली होती. नवा कोरा फ्रॉक, पायाला मोठा होणारा सँडल, कडेवर बाळ, आणि ते बाळ काही केल्या तिला सोडेना. तुम्ही तिच्या वयाच्या मापाची बांगडी घेतलीत. ती अंगठ्याच्या हाडापाशी अडकली. मामू बाजूनं म्हणाले, "हात कडक हाय पोरीचा." वहिनी हसल्या, "आवं, चार घरची भांडी घासती का काय ती? आमच्या घरातलीच हाय." तुम्ही तळवा उलटा केलात. भेगा पडलेल्या, आणि मनगटावर भाजल्याचा डाग. तुम्ही काही विचारायच्या आधीच कोमल म्हणाली, "च्या सांडला." उत्तर इतकं पटकन आलं, की मी तो डाग पुन्हा बघितला.

संध्याकाळी आपण शालनकडे गेलो. मला तिचं बोलणं अजून जसंच्या तसं ऐकू येतं. "कामाला न्हाई वं आपा. पाव्हण्याकडं हाय. दोन टायम खाती, अंगावर कापड हाय, टीव्ही हाय. हितं माझ्यापाशी काय हाय?" शाळेचं विचारलं तर म्हणाली, "घालणार हाईत की. बाळ जरा मोठं झालं की." मी पैशांचं विचारलं. ती दुखावली. "पाव्हण्याकडनं पैसं घ्यायचं आस्त्यात व्हय?"

बाहेर आल्यावर तुम्ही शालनच्या दाराकडे वळून बघितलंत. मग म्हणालात, "वीटभट्टीवाला खोटं बोलतो, म्हणून त्याला पकडता येतं. इथं कुणीच खोटं बोलत नाही, मनू. म्हणून मला भीती वाटते."

आणि तिथंच आपलं भांडण झालं. आपा, ते भांडण मिटलेलं नाही आणि आता मिटणारही नाही. मी फोन हातात घेतला होता. माझाच भाऊ, माझीच भावजय, तरी म्हणत होते, आत्ताच्या आत्ता साताऱ्याला अधिकाऱ्यांना कळवते, उद्या गाडी निघायच्या आत पोर उतरवून घेते. तुम्ही माझ्या हातातला फोन काढून घेतलात. "ते येतील, शालनला विचारतील. ती सांगेल पाव्हण्याकडं आहे. ते जातील. आणि पुढच्या यात्रेला हे लोक कोमलला आणणारच नाहीत, तिच्यासारख्या बाकीच्यांनाही नाही. आपल्याला त्यांचे हात धरायला मिळतात ते वर्षातून इथं एकदाच."

"म्हणून तिला जाऊ द्यायचं?"

"तिला कुणी विचारलंय का, तिला काय हवंय? नेणाऱ्यांनी विचारलं नाही, आईनं विचारलं नाही. आपणही न विचारता उतरवून घेतली तर ती तिसऱ्यांदा उचलली जाईल."

"मग विचारा की!"

तुम्ही विचारलंत. दुसऱ्या दिवशी गाडीपाशी, बाळाला खाऊ द्यायच्या निमित्तानं. कोमलनं आधी वहिनींकडे बघितलं आणि मग बाळाचं तोंड पुसायला घेतलं. तेव्हा तुम्ही तिच्या कानाशी वाकलात. गाडी निघाली. तुम्ही तिला त्या गाडीत बसू दिलंत, आपा. मी साताऱ्यापर्यंत तुमच्याशी एक अक्षर बोलले नाही, आणि तुम्ही डब्यातला शिरा माझ्यापुढे धरलात तोही घेतला नाही. नको होतं मी तसं करायला. पण तुम्ही तरी बरोबर होता का? अजून मला ठरवता येत नाही. ते अख्खं वर्ष त्या पोरीनं काढलं, तुम्ही नाही आणि मीही नाही.

तुम्हालाही ते सोपं गेलं नाही, हे मला माहीत आहे. दर आठ-पंधरा दिवसांनी तुमचा फोन. "वहिनींना सहज फोन कर ना. बाळ कसं आहे विचार." मी करायचे. वहिनी गोड बोलायच्या, आणि मागून कुकरच्या शिट्या, बाळाचं रडणं, आणि "कोमे, त्येला घी की!" मी तुम्हाला सांगायचे, आवाज ऐकला, आहे ती. तुम्ही म्हणायचा, "तिचा ऐकलास, की तिला मारलेली हाक ऐकलीस?" बहुतेक त्याच काळजीनं तुमचं प्रेशर वाढत गेलं. रुबीना म्हणते तसं काही नाही, अम्मी गोळ्याच वेळेवर घ्यायची नाही. असेल. पण माझ्या मनातून ते जात नाही.

तर यात्रा आली. मला वाटलं होतं मामू या वर्षी येणार नाहीत. ते आले. पाल ठोकलं, काचेच्या बांगड्या मांडल्या आणि तुमचं स्टूल होतं तिथंच ठेवलं. मी जवळ गेले तर म्हणाले, "बस की."

"मामू, मला भरता येत न्हाईत बांगड्या."

"हात धराय येतो न्हवं? बस."

पण पोर यायला तर हवी! संपतदादाची गाडी आली तेव्हा मी वेशीतच उभी होते. काचेतून बघितलं. पुढे दादा, वहिनी, मागे पोरं, सामान. कोमल नाही. मी तुमचा नंबर लावला. खरंच लावला, सवयीनं. वाजला आणि रुबीनानं उचलला, तेव्हा मी चुकून लागला म्हणाले. मग तशीच दादाच्या घरी गेले. कोमल मागच्या अंगणात होती, सीटच्या खाली सामानाला टेकून झोपलेली म्हणे, म्हणून दिसली नव्हती. आल्या आल्या बाळाच्या बाटल्या धूत बसली होती. मान वर करून तिनं माझ्यामागे बघितलं. माझ्याबरोबर कुणी आहे का, हे बघितलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी तिला घेऊन पालावर आल्या. बाळ आता चालण्याजोगं झालेलं, तरी तिच्या कडेवरच.

"वन्सं, तुमी कवापास्नं बांगड्या भराय लागला?" वहिनींनी मला चिडवलं.

"आपांची जागा चालवतीय."

कोमल हळूच म्हणाली, "बांगडीवाल्या आज्जी?"

"वारल्या गं."

ती नुसती तुमच्या स्टुलाकडे, म्हणजे माझ्याकडे बघत राहिली. वर्षभर धरून ठेवलेलं काहीतरी तिच्या चेहऱ्यावरून खाली जाताना मला दिसलं. आणि मी, तिच्याच गावची, शिकलेली सवरलेली, तिथं बसले होते आणि मला ती खूणच माहीत नव्हती. तुम्ही मला का सांगितलं नाहीत? तोंडात तीळ भिजत नाही म्हणून, की संपत माझा भाऊ म्हणून? हा प्रश्न मी जन्मभर विचारणार आहे, तयारीत राहा.

मी तिचा हात घेतला. तुमच्यासारखंच म्हटलं, "हात सैल सोड गं."

तिनं मूठ मिटली.

मला वाटलं घाबरली, दुखलं असेल. मी अंगठा हलकेच दाबला. मूठ आणखी घट्ट झाली, बोटांची पेरं पांढरी पडली. वहिनी म्हणाल्या, "आगं सोड की, बांगडी फुटंल न्हवं हातात!" कोमल वहिनींकडे बघत नव्हती. सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती, पापणी न हलवता, कळतंय का ह्या बाईला, असं. आणि मला कळलं, आपा. इतकं सोपं ठेवलं होतंत तुम्ही! ज्या पालावर प्रत्येक बाई हात सैल सोडते, तिथं मूठ मिटून धरली तर चुकायला जागाच कुठं होती?

तोंडाशी आलेलं भांडण मी गिळलं. आधी विचारलं. "कोमल, तुला माघारी जायचं हाय?"

बाळानं तिचे केस ओढले. तिनं मान वाकडी केली, पण मूठ सोडली नाही. म्हणाली, "न्हाई."

मग जे झालं ते तुम्ही पाहिलं नाहीत हे एका अर्थी बरं. दादा आला, भावकी जमली. "काय कमी केलं आमी हिला? मारलं कवा? इच्यारा की तिला!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. तो मनापासून समजतो की त्यानं एका गरीब पोरीचं भलं केलं. माझे आबा मला म्हणाले, "आपल्याच माणसास्नी गावात उघडं पाडतीस व्हय?" मी काय बोलले ते मला आठवत नाही, आवाज चढला होता एवढं आठवतं. मामू मध्ये पडून एवढंच म्हणाले, "पोरगी न्हाई म्हणतीया." कुणीतरी शालनला बोलावून आणलं. ती गर्दीत उभी राहिली आणि पहिलं वाक्य बोलली ते, "आन् खायाला काय घालू हिला?" शालननं मग कोमलची ती मिटलेली मूठ हातात घेतली आणि उघडायला गेली. उघडेना. तशीच ती तिच्या मुठीवरून बोट फिरवत राहिली, भेगांवरून, डागावरून. शेवटी तिनं कोमलच्या कडेवरचं बाळ काढून घेतलं आणि वहिनींच्या हातात दिलं.

मी साताऱ्याला बाल संरक्षण कार्यालयात कळवलंय. कचेरी उघडली की शालनला आणि कोमलला घेऊन जायचंय. शाळेतल्या बाई नाव घालून घेतो म्हणाल्यात. शालनच्या खाण्याचा प्रश्न आहे तिथंच आहे, त्यावर काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. दादा बोलत नाही, आबा जेवताना पाठ फिरवून बसतात. आणि तुम्ही ज्याला घाबरत होता ते तर मला आत्तापासून दिसतंय. यात्रा मोडली त्या सकाळी बाकीच्या गाड्याही गेल्या. एका गाडीच्या खिडकीतून एक पोरगी हात हलवत होती, हातात मीच भरलेल्या बांगड्या. भरताना तिनं हात सैल सोडला होता. म्हणजे ती सुखात आहे, की तिला कुणी खूण सांगितलीच नव्हती? तुम्ही अजून कुणाच्या कानाशी वाकल्या होता का, आपा? पुढच्या यात्रेला तिला आणतील का? विचारायला मी कुणाकडे जाऊ?

तुमच्या चाळिसाव्याला मिरजेला येईन तेव्हा कोमलला आणायचं मनात आहे. ती येते म्हणाली. तुमच्याशी अजून भांडायचंय, आणि तुमचे उपकार मानायचेत, आणि कशाची सुरुवात आधी करावी ते कळत नाही.

दादाची गाडी फाट्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली, तोवर कोमल शालनच्या ओट्यावर मूठ मिटूनच बसली होती. मग तिनं हात माझ्यापुढे केला, आणि मी न सांगताच तो सैल सोडला. मी मामूंकडून आणलेल्यातली, तिच्या वयाच्या मापाची एकही बांगडी चढली नाही. मी मापं वाढवत गेले. शेवटी चढल्या त्या शालनच्या मापाच्या, आपा. त्या ओट्यावर मायलेकींच्या हातात एकाच मापाच्या बांगड्या होत्या.